वैयक्तिक संगणकावर लिनक्स : मुक्त, पण मोफत नव्हे

संगणक विकत घेताना यंत्राची किंमत डोळ्यांसमोर असते, पण यंत्राला कामाला लावणाऱ्या परिचालन प्रणालीची किंमत सहसा दिसत नाही. ती बहुतेकदा यंत्राच्या किमतीतच मिसळलेली असते. लिनक्स व तिच्यासारख्या युनिक्स कुळातील प्रणालींनी हा अदृश्य खर्च चर्चेत आणला. या प्रणाली परवानाशुल्काशिवाय मिळतात, त्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते व पुन्हा वाटता येते. मात्र त्या वापरण्यासाठी काही गोष्टी शिकाव्या लागतात आणि शिकण्याला वेळ, शिक्षक व सराव लागतो. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन अर्थ गुंतलेले आहेत. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. लिनक्स मुक्त आहे, पण शिकण्याचा खर्च हिशेबात धरला तर ती पूर्णपणे मोफत नाही. हा भेद समजला की तंत्रज्ञानाबरोबरच त्यामागचे सार्वजनिक धोरणही समजते. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमांत विज्ञान व तंत्रज्ञान आणि ई-प्रशासन हे दोन्ही घटक असल्याने विद्यार्थ्यांनी या विषयाकडे दोन्ही अंगांनी पाहणे उपयुक्त ठरेल.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्पसन व डेनिस रिची हे तिचे प्रमुख शिल्पकार होत. १९७३ मध्ये ही प्रणाली ‘सी’ या भाषेत पुन्हा लिहिली गेली. त्यामुळे ती एकाच प्रकारच्या यंत्राशी बांधलेली राहिली नाही. बेल प्रयोगशाळेची मालक असलेली दूरध्वनी कंपनी एटी अँड टी हिच्यावर १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने दूरसंचाराबाहेरील व्यवसायास बंधने घातली होती. परिणामी युनिक्स ही विक्रीची वस्तू न बनता मूळ आज्ञावलीसह अल्प शुल्कात विद्यापीठांपर्यंत पोहोचली व तेथे तिचा अभ्यास झाला. १९८४ मध्ये कंपनीचे विभाजन झाल्यावर ती बंधने सैल झाली आणि युनिक्स व्यापारी उत्पादन बनली.

याच सुमारास, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखी, परंतु पूर्णतः मुक्त प्रणाली घडविण्यासाठी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले आणि १९८९ मध्ये ‘जनरल पब्लिक लायसन्स’ म्हणजे जीपीएल हा परवाना आला. प्रताधिकाराचा कायदा सामान्यतः नकला रोखण्यासाठी वापरला जातो. जीपीएलने तोच कायदा नकला करण्याचा हक्क टिकविण्यासाठी वापरला. सुधारित प्रणाली वितरित करणाऱ्याने तिची मूळ आज्ञावलीही त्याच अटींवर उपलब्ध करून द्यावी, ही त्यातील मुख्य अट होय. भारतातही प्रताधिकार कायदा, १९५७ अन्वये संगणक आज्ञावलीला साहित्यकृती म्हणून संरक्षण मिळते. त्यामुळे अशा परवान्यांना कायद्याचा पाया आहे.

ग्नू प्रकल्पाकडे बहुतेक साधने तयार होती, पण वापरण्याजोगा गाभा नव्हता. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी वैयक्तिक संगणकासाठी असा गाभा लिहिला आणि १९९२ मध्ये तो जीपीएलखाली आणला. गाभा व साधने एकत्र आल्यावर जी प्रणाली तयार झाली, तिला व्यवहारात लिनक्स म्हणतात. गाभा, साधने व उपयोजने यांची जुळणी करून ती सर्वांना वापरता येईल अशा रूपात देणाऱ्या संचाला ‘वितरण’ म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा, मिंट ही त्यांतील परिचित नावे. भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने म्हणजे सी-डॅकने डेबियनच्या आधारे ‘भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स’ अर्थात ‘बॉस’ हे वितरण तयार केले. त्याची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली.

प्रणालीची रचना

परिचालन प्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल, प्रक्रियक, स्मृती, तबकडी व इतर उपकरणे यांवर ताबा ठेवतो. कोणत्या आज्ञावलीला किती वेळ प्रक्रियक मिळावा आणि किती स्मृती द्यावी, हे तो ठरवतो. मर्यादित साधनांचे अनेक मागणीदारांत वाटप हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न येथे एका सेकंदात शेकडो वेळा सोडवला जातो. गाभ्याच्या बाहेर ‘शेल’ असते. वापरणाऱ्याने टंकलिखित केलेली आज्ञा समजून घेऊन संबंधित आज्ञावली सुरू करणे, हे तिचे काम. त्याशिवाय चित्ररूप पडदा असतो. खिडक्या, चिन्हे व माऊस यांच्या साह्याने रोजची बहुतेक कामे त्यावरच होतात. लिनक्स म्हणजे केवळ काळ्या पडद्यावरच्या आज्ञा, हा समज आता खरा नाही.

या कुळाचा विस्तार मोठा आहे. अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचाच गाभा असतो. जगातील ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालते. ॲपलची मॅकओएस प्रणालीही युनिक्स कुळातीलच आहे.

फाइलींचे झाड आणि परवानग्या

विंडोजमध्ये ‘सी’, ‘डी’ असे वेगवेगळे विभाग दिसतात. लिनक्समध्ये मात्र सर्व फाइली एकाच झाडावर असतात. झाडाचे मूळ तिरप्या रेघेने दाखवतात आणि त्याला ‘रूट’ म्हणतात. ‘होम’ या फोल्डरमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचे खासगी दस्तऐवज, ‘इटीसी’मध्ये प्रणालीची मांडणी ठरवणाऱ्या फाइली आणि ‘व्हार’मध्ये सतत बदलणाऱ्या नोंदी असतात. पेनड्राइव्ह जोडला तरी तो याच झाडाची एक फांदी बनतो. रोमन लिपीतील नावांत लहान व मोठी अक्षरे वेगळी मानली जातात, हे नवशिक्याने आरंभीच लक्षात ठेवावे.

युनिक्स आरंभापासून अनेकांनी एकाच यंत्रावर काम करण्यासाठी विकसित झाली. म्हणून प्रत्येक फाइलीचा एक मालक व एक गट ठरलेला असतो. मालक, गट व इतर या तिघांना वाचणे, लिहिणे व चालवणे अशा तीन परवानग्या स्वतंत्रपणे देता येतात. वाचण्यासाठी ४, लिहिण्यासाठी २ व चालवण्यासाठी १ असे अंक ठरलेले आहेत. त्यांची बेरीज करून परवानगी लिहितात. ७५४ असा संकेत असल्यास मालकाला ४+२+१ म्हणजे तिन्ही, गटाला ४+१ म्हणजे वाचणे व चालवणे, तर इतरांना केवळ वाचणे एवढीच मुभा असते. ‘सीएचमॉड’ या आज्ञेने ही परवानगी बदलता येते.

सर्वाधिकार ‘रूट’ नावाच्या प्रशासक खात्याकडे असतात. मूळ फोल्डर व हे खाते यांचे नाव सारखे असले तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी होत. रोजचे काम साध्या खात्यातून करावे आणि प्रणालीत बदल करायचा असेल तेव्हाच ‘सुडो’ या आज्ञेने तात्पुरता अधिकार घ्यावा, अशी शिस्त आहे. गरजेपुरताच अधिकार देण्याचे हे तत्त्व प्रशासनाच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. या रचनेमुळे एखादी दूषित आज्ञावली साध्या खात्यात शिरली तरी साऱ्या प्रणालीवर ताबा मिळवणे तिला अवघड जाते. अर्थात, त्या खात्यातील फाइलींना धोका राहतोच. लिनक्सला संगणकीय विषाणूंची बाधा होऊच शकत नाही, असे समजणे चुकीचे आहे.

लहान साधने, मोठे काम

शेलमधील प्राथमिक आज्ञा थोड्याच आहेत. ‘एल-एस’ फोल्डरमधील फाइलींची यादी दाखवते, ‘सी-डी’ दुसऱ्या फोल्डरमध्ये नेते, ‘सी-पी’ नक्कल करते, ‘एम-व्ही’ फाइल हलवते किंवा तिचे नाव बदलते आणि ‘आर-एम’ ती पुसते. ‘आर-एम’ने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट नाहीशी होते. म्हणून ही आज्ञा देण्यापूर्वी ती पुन्हा वाचून पाहावी. कोणत्याही आज्ञेची माहिती ‘मॅन’ या आज्ञेने तेथल्या तेथे वाचता येते.

युनिक्सची खरी ताकद आज्ञांच्या संख्येत नसून त्यांच्या जोडणीत आहे. एका साधनाने एकच काम नेटके करावे व आपले उत्तर पुढच्या साधनाकडे सोपवावे, असा हा विचार आहे. १९७३ मध्ये प्रणालीत आलेल्या ‘पाइप’ या सोयीमुळे उभ्या रेघेच्या एका चिन्हाने दोन आज्ञा जोडता येतात. समजा, एका तालुक्यातील स्वयंसहायता गटांची यादी साध्या मजकुराच्या फाइलीत आहे. प्रत्येक ओळीत एका गटाचे व त्याच्या गावाचे नाव आहे आणि प्रत्येक गावात किती गट आहेत, हे काढायचे आहे. ‘कट’ ही आज्ञा ओळीतून गावाचे नाव वेगळे काढते, ‘सॉर्ट’ ती नावे क्रमाने लावते आणि ‘युनिक’ सारखी नावे एकत्र करून मोजते. ‘युनिक’ला लागोपाठ आलेल्याच सारख्या ओळी ओळखता येतात, म्हणून आधी ‘सॉर्ट’ आवश्यक ठरते. तीन लहान आज्ञांच्या एका ओळीत काम होते आणि यादी हजारो गटांची असली तरी ती ओळ बदलावी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या नोंदींपासून सर्वेक्षणाच्या तक्त्यांपर्यंत या पद्धतीचा उपयोग आहे.

संगणकावर स्थापना

लिनक्स बसवण्याचे काम क्रमाने केल्यास कठीण नाही. घाई केल्यास मात्र महत्त्वाची माहिती गमावण्याचा धोका असतो. त्यातील टप्पे असे :

१. संगणकावरील सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या तबकडीवर घ्यावी. विंडोजची तबकडी कूटबद्ध असल्यास तिची पुनर्प्राप्ती-किल्ली आधीच लिहून ठेवावी.

२. वितरणाची फाइल त्याच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवावी व सोबत दिलेल्या पडताळणी अंकाशी ती जुळते का, हे तपासावे. अंक न जुळल्यास फाइल अपुरी किंवा बदललेली आहे, असे समजावे.

३. ती फाइल ठरावीक साधनाच्या साह्याने पेनड्राइव्हवर उतरवावी. नेहमीप्रमाणे केवळ नक्कल केल्यास संगणक त्यावरून सुरू होईलच असे नाही. या क्रियेत पेनड्राइव्हवरील जुनी माहिती पुसली जाते.

४. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करून, काहीही न बसवता, प्रणाली ‘लाइव्ह’ अवस्थेत वापरून पाहावी. वायफाय, ध्वनी, मुद्रणयंत्र व कळफलक नीट चालतात की नाही, याची खात्री याच टप्प्यावर करावी.

५. त्यानंतरच स्थापना करावी. विंडोज ठेवून तिच्या शेजारी लिनक्स बसवता येते किंवा पूर्ण तबकडी लिनक्सला देता येते. पूर्ण तबकडी दिल्यास तिच्यावरील सर्व माहिती पुसली जाते.

६. स्थापना पूर्ण झाल्यावर अद्यतने घ्यावीत व पुढेही ती नियमित घेत राहावे.

नव्या आज्ञावली मिळवण्याची पद्धतही वेगळी आहे. अनोळखी स्थळांवरून फाइली उतरवण्याऐवजी वितरणाच्या केंद्रीय भांडारातून त्या घेतल्या जातात. भांडारातील आज्ञावलींवर वितरणकर्त्यांची संगणकीय स्वाक्षरी असते. संगणक ती तपासतो व एखाद्या आज्ञावलीला लागणारे इतर घटकही आपोआप आणतो. डेबियन कुळात ‘एपीटी’ आणि फेडोरात ‘डीएनएफ’ ही साधने हे काम करतात. नवशिक्याने दीर्घकाळ पाठबळ असलेली आवृत्ती निवडावी. उबुंटूची अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी येते व तिला सामान्यतः पाच वर्षे सुरक्षा-अद्यतने मिळतात.

जुन्या संगणकांच्या दृष्टीने या विषयाला अलीकडे विशेष महत्त्व आले आहे. विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि अनेक जुनी, पण चालू स्थितीतील यंत्रे विंडोज ११ च्या अटी पूर्ण करत नाहीत. ४ जीबी स्मृतीच्या यंत्रावरही लिनक्सचे हलक्या पडद्याचे वितरण साध्या कामासाठी चालू शकते. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत. कचऱ्याची विल्हेवाट महत्त्वाची आहेच, पण यंत्राचे आयुष्य चार-पाच वर्षांनी वाढणे हे त्याआधीचे व अधिक स्वस्त पाऊल होय.

देवनागरीचा धडा

परावलंबनाची किंमत काय असते, याचे उदाहरण मराठी वाचकाला दूर शोधावे लागत नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट कंपन्यांच्या टंकांमध्ये लिहिला जाई. तो टंक ज्या संगणकावर नसे, तेथे तोच मजकूर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उमटे. मजकूर लेखकाचा किंवा कार्यालयाचा असला, तरी तो वाचण्याची किल्ली टंक बनवणाऱ्याकडे राही. असे कितीतरी जुने दस्तऐवज आजही रूपांतरित केल्याशिवाय शोधता किंवा वापरता येत नाहीत.

खुल्या मानकामुळे ही अडचण दूर झाली. युनिकोड मजकूर साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ मध्ये केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी आखली. तीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ व वेलांटी अशी पाच चिन्हे असल्याने तो १५ बाइट जागा घेतो. आजच्या लिनक्स वितरणांत यूटीएफ-८ मूळचीच असते आणि इन्स्क्रिप्ट कळफलक निवडल्यास कोणतीही खास आज्ञावली विकत न घेता मराठी लिहिता येते.

खर्चाचे अर्थशास्त्र

आज्ञावली ही अर्थशास्त्रीय दृष्टीने वेगळ्या प्रकारची वस्तू आहे. एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि आणखी एक प्रत काढण्याचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य असतो. मुक्त परवान्याने इतरांना वगळण्याचा अधिकारही सोडून दिला की ती सार्वजनिक वस्तूच्या जवळ जाते. तरीही सर्वांनी ती का स्वीकारली नाही? त्याचे उत्तर बदलाच्या खर्चात आहे. ज्या प्रणालीवर सहकारी काम करतात, ज्या स्वरूपात पत्रव्यवहार चालतो आणि जी शिकण्यात वर्षे गेली आहेत, ती सोडणे महाग पडते. लेखापालन व प्रकाशन क्षेत्रातील काही प्रचलित पॅकेजे लिनक्सवर थेट चालत नाहीत, हीही वस्तुस्थिती आहे.

येथे दोन खर्चांचे स्वरूप वेगळे आहे. परवानाशुल्क यंत्रागणिक द्यावे लागते. यंत्रे वाढली की तेही वाढते. शिकण्याचा खर्च मुख्यतः आरंभी येतो. अभ्यासपुस्तिका, प्रशिक्षक व स्थानिक भाषेतील रूपांतर एकदा तयार झाले की ते पुढच्या हजारो लोकांना उपयोगी पडते. म्हणून एकट्या शाळेला किंवा एकट्या कार्यालयाला लिनक्स महाग वाटू शकते, तर संपूर्ण राज्याला तीच स्वस्त पडते. केरळचा अनुभव हेच सांगतो. २००१ मध्ये तेथे ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. शिक्षकांतूनच मुख्य प्रशिक्षक तयार करण्यात आले, शाळांसाठी लिनक्सची स्वतंत्र जुळणी करण्यात आली, मल्याळम भाषेची सोय झाली आणि शालेय अभ्यासक्रमही मुक्त आज्ञावलींवर उभा राहिला. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. परवान्यावर वाचलेला पैसा हा तेथील दृश्य लाभ, तर प्रणाली समजणारे शिक्षक ही टिकाऊ मालमत्ता म्हणावी लागेल.

याच्या दुसऱ्या टोकाला जर्मनीतील म्युनिक शहराचे उदाहरण आहे. तेथील नगर परिषदेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला आणि हजारो संगणक बदलले. मात्र आसपासची कार्यालये जुन्याच प्रणालीवर राहिली. दस्तऐवजांच्या देवाणघेवाणीच्या व आज्ञावलींच्या सुसंगतीच्या तक्रारी होत राहिल्या आणि २०१७ मध्ये परिषदेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. प्रणाली चालत होती, पण तिच्याभोवतीचे जाळे पुरेसे मोठे झाले नव्हते.

भारताला कौशल्याच्या गुंतवणुकीचा जुना अनुभव आहे. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या यांत्रिकीकरणाला गती आली व त्या काळात युनिक्सवर चालणारी यंत्रे बँकांत आली. देशी संगणक कंपन्याही युनिक्सची यंत्रे बनवत होत्या. त्यांतून युनिक्स जाणणारे तंत्रज्ञ देशात घडले आणि पुढे सॉफ्टवेअर निर्यातीला हे मानवी भांडवल उपयोगी पडले.

धोरणाच्या पातळीवर केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणि २०१५ मध्ये शासनात मुक्त स्रोत आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. दुसऱ्या धोरणानुसार ई-प्रशासनाच्या प्रकल्पांत मुक्त स्रोत पर्यायाला प्राधान्य द्यावयाचे आहे आणि तो न सुचवणाऱ्या पुरवठादाराने त्याचे कारण देणे अपेक्षित आहे. शिकण्याच्या बाजूनेही साधने आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे ध्वनिचित्र-पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत, तर तेथीलच ‘फॉसी’ प्रकल्प उच्च शिक्षणात मुक्त आज्ञावलींचा वापर वाढवण्यासाठी काम करतो.

समारोप

परवान्याचा पैसा वाचला म्हणजे धोरण यशस्वी झाले, असे मानणे अपुरे ठरेल. ज्या कार्यालयात प्रणाली बदलली, पण ती सांभाळणारा कर्मचारी घडला नाही, तेथे पहिल्या बिघाडालाच जुनी प्रणाली परत येते. याउलट, फाइलींची रचना, परवानग्या, अद्यतने व आज्ञांची जोडणी या मूलभूत गोष्टी जाणणारी माणसे तयार झाली, तर वाचलेला प्रत्येक रुपया देशातील कौशल्यात रूपांतरित होतो. उद्या प्रशासनात जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे खरेदीची नस्ती येईल, तेव्हा ‘किंमत किती?’ या प्रश्नासोबत ‘हे आपल्यापैकी कोणाला समजते?’ हाही प्रश्न त्याने विचारला पाहिजे. तो विचारण्याची तयारी घरच्या संगणकावरच्या सरावाने आजपासून करता येईल.

सरावासाठी प्रश्न

१. ‘मुक्त’ व ‘मोफत’ आज्ञावली यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.

२. एखाद्या फाइलीची परवानगी ६४० असल्यास मालक, गट व इतर यांना कोणते अधिकार मिळतात?

३. ‘परवाना-खर्च यंत्रागणिक, शिक्षण-खर्च मुख्यतः एकदाच’ या विधानाच्या आधारे केरळ व म्युनिक यांच्या अनुभवांची तुलना करा.

४. खुल्या मानकांचे महत्त्व भारतीय भाषांच्या संदर्भात विशद करा.